बूट फाटला, बोलणी कुणाला?

जून महिना लागला की माझ्या हिशेबाच्या वहीची पानं भराभर भरू लागतात. वह्या, पुस्तकं, कव्हरं, दप्तर, रेनकोट, डबा, पाण्याची बाटली, गणवेशाचे दोन जोड आणि सगळ्यात शेवटी बूट. बूट शेवटी, कारण 'गेल्या वर्षीचेच होतात का बघू' ही आशा शेवटपर्यंत सुटत नाही. पण मुलांचे पाय काही घरातल्या पगाराकडे बघून वाढत नाहीत. ते आपले वाढतच असतात!

गेल्या जूनमधली गोष्ट सांगते. अकरा तारखेला धाकट्याला घेऊन मी बुटांच्या दुकानात गेले. आम्ही साताऱ्याला राहतो. इथला पाऊस आणि इथले चढउताराचे रस्ते, दोन्ही पायातल्या वस्तूची परीक्षा पाहणारे. म्हणून दुकानात शिरतानाच मी म्हटलं, "शाळेसाठी हवेत. रोज घालणार, पावसापाण्यात जाणार." दुकानदाराने एक काळा जोड पुढे केला. "वहिनी, हा न्या. वर्षभर बघायला नको." किंमत सातशे नव्याण्णव. जरा जड वाटली, पण 'वर्षभर' हा शब्द ऐकून मी पैसे मोजले.

सोळा जूनला शाळा सुरू झाली आणि तीन जुलैला धाकटा घरी आला तो डाव्या बुटाने आ वासलेलाच. पुढून सोल सुटून लोंबत होता.

मैत्रिणींनो, तुम्ही अशा वेळी काय करता? मी केलं ते प्रांजळपणे सांगते. मी आधी मुलाला बोलले. "पाय घासत चालतोस! दगडांना लाथा मारतोस! पैसे काय झाडाला लागतात?" आणि पाठीत एक धपाटाही घातला. तो एवढंच म्हणाला, "आई, मी काही नाही केलं गं." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, घरातली चिकटवायची ट्यूब काढली, बूट चिकटवला, वर पाटा ठेवला आणि झोपले.

दोन दिवसांनी तो एका पायात बूट आणि दुसरा बूट पिशवीत, असा घरी आला. प्रार्थनेच्या वेळी त्याला रांगेबाहेर उभं केलं होतं. कारण काय, तर गणवेश पूर्ण नाही.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. कारण मी स्वतः एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. त्याच आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी चपला घालून आली होती आणि मीही तिला उभं केलं होतं. 'का गं?' एवढं विचारायलाही मला सुचलं नव्हतं.

मामांची तपासणी

दुसऱ्या दिवशी दोन्ही बूट घेऊन मी कोपऱ्यावर बूट-चपला दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेले. त्यांनी डावा बूट हातात घेतला, बोटाने सोलची कड चाचपली, आतला तळवा उचलून पाहिला आणि हसले.

"बाई, पोराला बोलला असाल न्हवं?"

मी मान खाली घातली.

"पोराचा काय दोष न्हाई. ह्याला टाकाच न्हाई कुठं. नुसता सोल्युशननं डकवलाय. त्यो बी कडंला लागलाय, मधी न्हाई. आणि आत बघा, पुठ्ठा हाय. पाणी लागलं की फुगणार, दुसरं काय?"

मग त्यांनी मला उजवा बूट दाखवला. तो मी चिकटवलेला नव्हता, वरवर तो धडही दिसत होता. पण बोटाने जरा दाबल्यावर त्याचीही कड अगदी त्याच जागी, अंगठ्याच्या वर, सुटत चाललेली होती. मुलगा पाय घासत असता तर सोल खालून झिजला असता, टोकाला रंग उडाला असता. इथे सोल नवाकोरा, खालचे खाचेसुद्धा बुजलेले नव्हते, आणि तरी जोड सुटलेला!

"डाव्याला हात लावलात तो लावलात," मामा म्हणाले, "उजव्याला आता काय बी करू नका. तसाच दुकानात न्या."

किती शहाणपणाचा सल्ला होता तो! आपण बायका घरातली कुठलीही वस्तू मोडली की आधी सुई-दोरा, नाहीतर डिंक काढतो. पण सदोष वस्तू दुकानदाराला दाखवायच्या आधीच आपण दुरुस्त केली, तर तो म्हणायला मोकळा की 'तुम्हीच हात लावून बिघडवलीत.' म्हणून पहिला नियम हा : दोष दिसला की वस्तू वापरणं थांबवायचं, हात लावायचा नाही, आणि मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढून ठेवायचे.

'एकदा विकलेला माल...'

दुकानदाराने मला ओळखलं, पण बूट मात्र ओळखीचे नसल्यासारखे पाहिले. "लहान मुलं वापरतात वहिनी, त्याला कोण काय करणार? बुटाला गॅरंटी नसते." मग बिलाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे छापलं होतं : 'एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जाणार नाही.'

बिल माझ्याजवळ होतं हेच नशीब. तेही मी गॅसच्या ओट्याशेजारी टाचून ठेवलेलं. हल्लीची ही गुळगुळीत कागदाची यंत्रातून येणारी बिलं उष्णतेने काळी पडतात आणि काही महिन्यांत त्यांची अक्षरंही उडतात. माझ्या बिलाचा अर्धा भाग काळवंडला होता. तारीख आणि रक्कम मात्र कशीबशी वाचता येत होती. तेव्हापासून घरी आल्याबरोबर मी बिलाचा फोटो काढते आणि मूळ बिल हिशेबाच्या वहीत, त्या महिन्याच्या पानात ठेवते. ओट्यापासून लांब!

"आठ दिवसांनी या, कंपनीचा माणूस येतो, त्याला दाखवतो," असं सांगून दुकानदाराने मला वाटेला लावलं.

घरी ह्यांचं म्हणणं, "आठशे रुपयांसाठी कुठे वाद घालत बसतेस? दुसरा जोड घे." त्यांचंही खोटं नव्हतं. वेळ कुणाला आहे? पण हा दुसरा जोड कुठून येणार होता? माझ्या अर्धवेळच्या मानधनातूनच. ते मिळवायला मला उन्हापावसात किती फेऱ्या घालाव्या लागतात, ते माझं मला ठाऊक.

या वेळी माझी बाजू घेतली सासूबाईंनी. "आपण गप्प बसतो म्हणून ते तसं छापतात," त्या म्हणाल्या. सासूबाईंचं बालपण मुंबईत गेलं. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यात त्यांची आईही होती. "पोळ्या लाटून झाल्यावर तेच लाटणं पदराखाली घेऊन गेली होती," हे सांगताना सासूबाईंचा चेहरा असा खुलतो! पुढे १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि घरोघरच्या बायकांनी गटागटाने धान्य-किराणा एकत्र घ्यायला सुरुवात केली. मी विचार केला, आपल्या आज्यांनी हे रस्त्यावर उतरून केलं. मला तर नुसतं एक पत्र लिहायचं आहे.

कायदा काय सांगतो

पत्र लिहायचं तर आधी आपली बाजू पक्की हवी. म्हणून मी थोडं वाचलं. तेच सोप्या शब्दांत तुम्हाला सांगते.

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्या वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली, म्हणून तो दिवस 'राष्ट्रीय ग्राहक दिन' म्हणून पाळतात. त्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यातल्या या गोष्टी आपण गृहिणींनी तोंडपाठ ठेवाव्यात अशा आहेत.

एक : बिल न देणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. तेव्हा बिल मागताना संकोच नको. ते उपकार नव्हेत.

दोन : सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथाच. त्यासाठी बिलावर जी मुदत दिली असेल ती धरायची, आणि मुदत दिलेलीच नसेल तर तीस दिवस. 'माल परत घेणार नाही' हे वाक्य म्हणजे काही मुदत नव्हे! माझे बूट घेतल्याला तेव्हा सव्वीस दिवस झाले होते.

पण इथे एक लक्षात ठेवा. हे सदोष वस्तूबद्दल आहे. 'मला रंग आवडला नाही' किंवा 'घरी गेल्यावर महाग वाटले' म्हणून परत घ्यायला दुकानदार कायद्याने बांधलेला नाही. तिथे त्याची मर्जी.

तीन : तीस दिवस उलटले म्हणून सगळं संपलं असंही नाही. वस्तूत मुळातच दोष असेल तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

चार : गॅरंटीचं कार्ड नसलं तरी वस्तू तिच्या कामाला योग्य असायला हवी. हे तत्त्व तर १९३० च्या मालविक्री कायद्यापासूनचं आहे. आपण दुकानदाराला वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं आणि त्याच्या माहितीवर विसंबून ती घेतली, तर ती त्या कामाला उपयोगी पडायला हवी असं तो कायदा मानतो. म्हणून दुकानात मुद्दाम म्हणायचं, 'शाळेसाठी, रोज वापरायला, पावसात जायला हवेत.' मी ते सहज बोलून गेले होते. पुढे पत्रात तेच वाक्य कामी आलं.

पाच : बूट वापरतो मुलगा, पैसे देते आई. कायद्याच्या नजरेत विकत घेणारी ती ग्राहक आहेच, पण तिच्या संमतीने वापरणाराही ग्राहकच. तेव्हा 'वस्तू तुम्ही कुठे वापरता?' असं कुणी म्हणायला नको.

मी लिहिलेलं पत्र

पत्र लांबलचक नको, रागाचं तर मुळीच नको. तारखा, रक्कम, दोष, मागणी आणि मुदत, या पाच गोष्टी आल्या की पुरे. माझं पत्र हे असं होतं :

'महोदय, मी दि. ११ जून रोजी आपल्या दुकानातून माझ्या मुलासाठी शाळेत रोज वापरण्याचे काळे बूट रु. ७९९ ला घेतले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. पावसाळ्यात रोज वापरण्यासाठी हवेत हे मी खरेदीच्या वेळी सांगितले होते. दि. ३ जुलै रोजी डाव्या बुटाचा सोल पुढच्या बाजूने सुटला. तो मी घरी एकदा चिकटवून पाहिला, पण दोन दिवसांत पुन्हा सुटला. उजव्या बुटाला कोणतीही दुरुस्ती केलेली नाही. त्याचाही सोल त्याच जागी सुटत आहे. सोल झिजलेला नाही, म्हणजेच दोष वापराचा नसून बनावटीचा आहे. तरी हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांच्या आत बूट बदलून द्यावेत अथवा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास मला ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार करावी लागेल.'

डावा बूट मी चिकटवला होता, हे पत्रात लिहू नये असं ह्यांचं मत होतं. पण मला ते पटलं नाही. खरं तेच लिहिलं की पुढे कुणाला घाबरायला नको.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक दुकानात दिली आणि दुसरीवर 'प्रत मिळाली' असं लिहून तारीख, सही आणि शिक्का घेतला. दुकानदार सही करेना, तर भांडत बसू नये. पोस्टात जाऊन पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवावं आणि पोस्टाची पावती जपून ठेवावी. बूट मात्र दुकानात ठेवून येऊ नयेत. ठेवावेच लागले तर 'दोन्ही बूट मिळाले' असं लिहून घ्यावं. वस्तू गेली की पुरावा गेला!

१९१५ चा फोन

दहा दिवस गेले, उत्तर नाही. दरम्यान धाकटा शाळेत जुनी सँडल घालून जात होता. त्याच्या वर्गशिक्षिकांना मी चिठ्ठी लिहिली : 'बूट सदोष निघाले आहेत, बदलून मिळेपर्यंत सवलत द्यावी.' त्यांनी ती लगेच दिली. चिठ्ठी आधीच लिहिली असती तर पोर रांगेबाहेर उभं राहिलं नसतं.

मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. माझं म्हणणं ऐकून घेऊन त्यांनी तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक दिला. बिलाची तारीख, दुकानाचं नाव, कंपनीचं नाव हाताशी असलं की पाच-दहा मिनिटांचं काम. कंपनीचं नाव-पत्ता कुठे मिळणार? बुटाच्या खोक्यावर! बंद वेष्टनातल्या मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याचा महिना आणि वर्ष, आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. बहुतेकजणी खोकं दुकानातच टाकून येतात. मी ते धाकट्याच्या खडूंसाठी आणलं होतं म्हणून वाचलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, म्हणजे कुणाची निराशा व्हायला नको. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे. ती आपली तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते, पण कुणाला हुकूम देऊ शकत नाही. हुकूम देण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला. तिथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग वस्तू पुण्याला घेतलेली असो की मुंबईला. १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या सरकारी व्यवस्थेवरून घरबसल्याही ती दाखल करता येते. आयोग वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचाही हुकूम देऊ शकतो. दोष नुसता बघून ठरत नसेल तर वस्तू मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवतात, त्याचा खर्च आधी आपल्याला भरावा लागतो. तपासणी नको असेल तर तीन महिन्यांत आणि हवी असेल तर पाच महिन्यांत निकाल लावावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, तेवढी मनाची तयारी हवी. म्हणूनच पत्र आणि हेल्पलाइन या दोन पायऱ्या आधी चढाव्यात.

ज्यांनी बूट ऑनलाइन मागवले असतील त्यांच्यासाठीही सोय आहे. २०२० च्या नियमांनुसार अशा विक्री-संस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा.

आणि माझं काय झालं? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुकानातून फोन आला. "वहिनी, कंपनीने जोड बदलून दिलाय, घेऊन जा." मी गेले. या वेळी जोड उलटा करून, वाकवून, आत हात घालून पाहिला. कडेने चांगली शिलाई होती. दुकानदार जरा हसून म्हणाला, "एवढं पत्र-बित्र कशाला लिहिलंत?" मी म्हटलं, "तोंडी सांगितलं होतं की!" त्याचा आणि माझा बोलण्याचा संबंध तुटला नाही, हेही मुद्दाम लिहिते. हक्क मागणं म्हणजे भांडण, ही आपली समजूतच चुकीची आहे.

बूट घेताना

तक्रारीपेक्षा खबरदारी बरी, हे काय मी सांगायला हवं? मामांकडून आणि अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी इथे देते.

• खरेदीला संध्याकाळी जावं. दिवसभराने पाऊल किंचित फुगलेलं असतं. शाळेचे मोजे बरोबर न्यावेत आणि दोन्ही पायांत बूट घालून मुलाला दुकानात चालायला लावावं. दोन्ही पावलं सारखी नसतात. मोठ्या पावलाचं माप धरावं.

• पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, जास्त नको. 'वाढता पाय आहे' म्हणून दोन नंबर मोठा घेतला तर बूट बोटांच्या सांध्याशी न वाकता भलतीकडे वाकतो आणि तिथेच चिरतो. मुलाचा पायही घासला जातो.

• बूट हातात धरून वाकवा. तो बोटं वाकतात तिथेच वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर ठेवून द्या. कड बोटाने दाबून पाहा. शिलाई आहे की नुसता चिकटवलेला, ते विचारा. चिकटवलेला प्रत्येक बूट वाईट असतो असं नाही, पण जोड सगळीकडे सलग बसलेला हवा.

• खोक्यावरचा महिना-वर्ष वाचा. पीयू म्हणतात त्या हलक्या, फेसासारख्या सोलचे बूट दमट हवेत दोन-तीन वर्षं पडून राहिले की न वापरताही आतून खराब होतात आणि पायात घातल्यावर भुगा होऊन पडतात. सेलमधला जुना माल घेताना हे विसरू नका.

• भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह पाहा. पादत्राणांच्या अनेक प्रकारांना ते १ ऑगस्ट २०२४ पासून सक्तीचं झालं, लहान उत्पादकांना मात्र त्यात सवलत होती. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरच्या सोयीतून खरा की खोटा ते तपासता येतं.

आपली बाजूही तपासू या

तक्रार करायची तर आपले हातही स्वच्छ हवेत. सोल खालून झिजला, टाच एका बाजूने खाल्ली गेली, सायकल पायाने थांबवून टोक घासलं, त्याच बुटांनी मैदानात फुटबॉल खेळला, किंवा पाऊल वाढून बोट बाहेर आलं, तर तो दुकानदाराचा दोष नव्हे. तो वापर आहे किंवा वाढ आहे. पण शिवण उसवणं, सोल सुटणं, सोल मधोमध तडकणं, रेक्झिनचे पापुद्रे निघणं, वेलक्रोची पट्टी उखडणं, हे काही आठवड्यांतच झालं तर जरूर विचारावं.

भिजलेला बूट गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. उष्णतेने चिकटवणच सैल होतं. आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, पंख्याखाली आडवा ठेवा आणि बोळे दोनदा बदला. चिखल ओला असताना ओल्या फडक्याने पुसा. चामड्याला पॉलिश हवं, रेक्झिनला नुसतं ओलं फडकं पुरतं.

हे सगळं झालं ते आठशे रुपयांसाठी. पण खरं सांगू? मला त्या पैशांपेक्षा तो धपाटा जास्त लागला होता. वस्तू बिघडली की आपण आधी घरातल्या माणसाकडे बोट दाखवतो. कुकरची शिटी उडाली, सुनेला नीट लावता येत नाही. मिक्सर जळला, 'तू जास्त भरलंस.' बूट फाटला, पोर द्वाड. वस्तूच खोटी असेल, हे आपल्या मनातच येत नाही. आणि त्यामुळे खोटी वस्तू विकणारा मात्र निवांत असतो.

नवे बूट आणले त्या संध्याकाळी मी धाकट्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "चूक तुझी नव्हती रे." तो म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं." आणि खेळायला पळाला. अर्थात जुनी सँडल घालून!

दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्या मुलीला बाजूला बोलावून विचारलं, "बूट का नाही घातलेस गं?" ती म्हणाली, "बाई, तळ निघालाय. आई म्हणाली, पगार झाला की बघू." मी विचारलं, "बिल आहे का घरी?" तिने होकारार्थी मान हलवली. "मग उद्या आईला शाळा सुटायच्या वेळी यायला सांग," मी म्हटलं, "आणि दोन्ही बूट घेऊन यायला सांग. चिकटवू मात्र नका!"